मोकळी जागा कोणी वाचत नाही

सोमवार, ४ मार्च

भावोजी,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही.

फोन करून पाहिला. तुम्ही उचलत नाही आणि बारकी उचलते तेव्हा म्हणते, "काकू, बाबा जरा पडलेत." सकाळी पडलेत, दुपारी पडलेत, दिवेलागणीलाही पडलेत. एवढा पडीक माणूस माझ्या पाहण्यात नाही. म्हणून पत्र. पत्राला "पडलेत" म्हणून सांगता येत नाही.

लेकीकडे जायचं होतं तर सांगून जायचं. एका भिंतीपलीकडे राहणारा माणूस पिशवी भरतो, किल्ली कुंडीखाली सरकवतो आणि निघून जातो, आणि वहिनीला ते कळतं कोणाकडून, तर दूधवाल्याकडून. "तुमचे दीर गेले ना गावाला," म्हणाला. मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. खोटं बोलायला लावलंत या वयात.

आणि भांडण कशावरून, तर सांगायचीही चोरी. लोकांकडे दीर-भावजयीची भांडणं शेताच्या बांधावरून होतात, दागिन्यांवरून होतात. आपलं झालं ते कॉम्प्युटरची पुढची भाषा कोणती शिकायची यावरून. शेजारीण विचारत होती, काय बिनसलं. काय सांगू तिला? माझी हॅस्केल की तुमची स्कीम?

ग्रंथपालबाई पाटी रंगवायला बसल्यात. वाचनालयाच्या माडीवर रविवारी म्हाताऱ्यांचा वर्ग, शिकवणार आपण दोघं, इथपर्यंत त्यांनी लिहिलंय. भाषेच्या नावाची जागा कोरी. मला रोज विचारतात, आणि मी रोज तुमच्या नावानं बोटं मोडते.

पुन्हा एकदा शांतपणे सांगते. शांतपणे म्हणजे माझ्या शांतपणे. पायथन आपण सगळ्यांना शिकवली, चांगली शिकवली. मग वर्गातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ती फंक्शनल पद्धत शिकू, जिच्यात एकदा ठेवलेली किंमत पुन्हा बदलत नाही आणि तोच प्रश्न विचारला की तेच उत्तर येतं. बरोबर बोलल्या. बसवाले म्हणाले, एलिक्झिर घ्या, तिच्यात एक काम कोसळलं तरी बाकीची चालू राहतात, एक बस बंद पडली म्हणून आगार बंद पडत नाही. तेही बरोबर. मी म्हटलं, शिकायचीच तर हॅस्केल. कडक आहे, पण सरळ आहे. अंकाच्या जागी शब्द ठेवलात तर प्रोग्रॅम चालूच देत नाही, तोंडावर सांगते. चूक सांगताना पानभर बोलते हे खरं. तिच्यापेक्षा सासू परवडली. आळशीही आहे, मागितल्याशिवाय काम करत नाही, पण त्याची सवय मला तुमच्या दादांपासून आहे.

आणि दिसायला देखणी. कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात, ते नुसतं डावीकडच्या मोकळ्या जागेवरून कळतं. यावर तुम्ही भर वर्गात काय म्हणालात? "वहिनी, तुमची भाषा पोकळीवर उभी आहे. जे नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

हे मला? जिनं उभ्या जन्मात खिळे जुळवले तिला? छापखान्यात मोकळी जागासुद्धा हातानं बसवावी लागते हे तुम्हाला मी नव्यानं सांगू? दोन शब्दांमधली जागा म्हणजे शिशाचा कोरा तुकडा. त्याला वजन असतं. तो विसरला तर अख्खी ओळ ढिली पडते. माझ्या हातांनी जेवढी अक्षरं बसवली तेवढीच जागाही बसवली. आणि तुम्ही, त्याच छापखान्यात प्रुफं तपासणारे, तिला पोकळी म्हणता.

मी तरी काय असं बोलले? भिंतीवर प्रोजेक्टरनं हातभर अक्षरांत पाठ पडला होता, तुम्हाला म्हटलं तिसरी ओळ वाचा, तुम्ही गप्प. म्हणून म्हणाले, "एवढं समोर आहे, दिसत नाही का?" एवढ्यावर माणूस उठून जातो? शाळेतली पोरंसुद्धा जास्त ऐकून घेतात.

दाराशी तुम्ही वळलात तेव्हा पुढचंही बोलले, ते आठवतंय. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतः एक ओळ लिहिली नाही. बोलले ते बोलले. उत्तर तयार असेल तर पाठवा.

वहिनी


सोमवार, ११ मार्च

भावोजी,

उत्तर नाही. छान. मौनव्रत घेतलंय की जीभ पडलीय?

तुमच्या नाकावर टिच्चून मी या आठवड्यात तुमची स्कीम शिकले. शत्रूच्या घरात शिरल्याशिवाय त्याच्या चुली कळत नाहीत. तर चुली पाहून आले. दोन अधिक तीन असं सरळ म्हणायचं नाही. आधी कंस उघडायचा, मग अधिक, मग दोन, मग तीन, मग कंस बंद. म्हणजे आधी ढेकर आणि मग जेवण. आणि शेवटी कंसांची ती गर्दी, लग्नातल्या चपलांसारखी. कुठला कोणाचा, कोणाला पत्ता नाही.

एवढं मात्र खरं की शिकायला सोपी आहे. नियम मूठभर. हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. तुम्ही दुसरंही काहीतरी म्हणाला होतात, सगळ्यांत जुन्या घराण्यातली भाषा, सौंदर्य, वगैरे. तुम्हाला सौंदर्याचं एवढं कधी होतं? प्रुफाच्या समासात तुम्ही आयुष्यात एकच मत लिहिलंत, "तपासले".

कंस मोजताना तुमची बोटं आठवली. उघडला की एक बोट टेबलावर, बंद झाला की उचललं. पेटी वाजवल्यासारखी. पूर्वी नव्हती ही खोड.

वर्गाच्या प्रोजेक्टरची वायर तुमच्या खोलीत राहिली होती, म्हणून कुंडीखालची किल्ली घेतली. चोरून नाही, हक्कानं. दार उघडून दिवा लावला तर डोळे दिपले. हा केवढा दिवा बसवलाय? तिथं काय शस्त्रक्रिया करता? आणि भिंतीला लागून पलंगापासून मोरीपर्यंत एकही वस्तू नाही, सगळं खोलीच्या एका बाजूला ढकललेलं. मी म्हटलं, या माणसानं आधीपासूनच बस्तान हलवायची तयारी केली होती. मनात भांडण ठेवून वावरत होतात. पायथनच्या शेवटी शेवटी कीबोर्डला हात लावेनासे झालात, तेव्हाच मला समजायला हवं होतं. "तुम्ही टाइप करा वहिनी, मी ऐकतो." मी आपली भोळी, मला वाटलं मान देताय.

चहाचा कपसुद्धा माझ्या हातून घेत नव्हतात, टेबलावर ठेवायला लावायचात. एवढा विटाळ?

रविवारी वर्गात मत घेणार आहे. तुमचं मत नसेल. गैरहजर माणसाचं मत त्याच्या चपलांसारखं, दाराबाहेर.

बारकीला म्हणावं, बाबांना खाऊ घाल. तुमच्या पुख्ख्यात मी कधी हात आखडला नाही, हे तिला ठाऊक आहे.

वहिनी


सोमवार, १८ मार्च

भावोजी,

मत झालं. हॅस्केल जिंकली. बसवाल्यांनी शेवटच्या क्षणी एलिक्झिर सोडून माझ्या बाजूनं हात वर केला.

जिंकल्यावर मी पायऱ्या उतरत होते, एकटीच, आणि विचार करत होते की आता भांडायचं कोणाशी. तेवढ्यात बसवाले मागून आले. म्हणाले, "सांभाळून हं बाई, खालची पायरी तुटलीय. त्यांना मी दर रविवारी इथून कोपराला धरून उतरवायचो ना."

मी विचारलं, कोणाला?

"तुमच्या दिरांना. ते एकदा पडताना वाचले, तेव्हापासून. त्यांना मधलं दिसत नाही ना." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक असणार असं मी धरून चाललो होतो."

घरी येऊन बारकीला फोन लावला. तिला म्हटलं, बाबा पडलेत म्हणालीस तर मी रात्रीच्या गाडीनं येऊन तुझ्या दारात बसेन. तेव्हा रडली. सगळं सांगितलं. डोळ्यांचा मागचा पडदा. समोर पाहिलं की मध्येच भोक, कडेकडेनं तेवढं दिसतं. उंबरा दिसतो, अक्षर दिसत नाही. चष्म्यानं भागत नाही. गेल्या पावसाळ्यापासून.

माझी दोन्ही पत्रं रेडिओखाली आहेत म्हणे, बंद. ती म्हणाली, मी वाचून दाखवते, तर तुम्ही म्हणालात, "वहिनीची आहेत. डिंक किती लावलाय बघ. माझी मी वाचीन."

कशानं वाचणार होतात? तुम्ही मला तिथं गप्प बसून ऐकताय असं समजून मी इथं एकटी तोंडसुख घेत होते. बंद पाकिटांशी भांडत होते.

आता यापुढे लिहवत नाही. हेही पाकीट तुम्ही उघडणार नाही, मग कोणासाठी लिहू? पोस्टात टाकतच नाही.


शनिवार, २३ मार्च

भावोजी,

हे मी टाइप करून बारकीच्या कॉम्प्युटरवर पाठवतेय. तिला सांगितलंय, मशीन वाचून दाखवेल, तू आत जा आणि कान लावू नकोस. मशीनचा आवाज गोड आहे, माझा राग त्याला जमणार नाही. तुम्ही मनानं भर घाला.

आधीची पत्रं तिच्याकडून वाचून घेऊ नका. रेडिओखालीच राहू द्या. तिसरं माझ्या उशीखाली आहे.

"दिसत नाही का" हा प्रश्न होता, भावोजी. प्रश्नाचं उत्तर देतात. "नाही, वहिनी, दिसत नाही," एवढंच म्हणायचं होतं. उठून जायचं नव्हतं. तुम्ही मला माझ्याच तोंडानं दुष्ट ठरवलंत. ज्याला दिसत नाही त्याला भरल्या वर्गात "दिसत नाही का" विचारणारी बाई मी, आणि हे मला सोडून बसवाल्यांना ठाऊक. दूधवाल्यालाही असेल. एका भिंतीपलीकडे राहून, एका पातेल्यातलं जेवून, तुम्ही हे माझ्यापासून चोरलंत. कप हातात घेत नाही म्हणून मी विटाळ म्हणाले. तुम्हाला कप दिसत नव्हता, टेबल हाताला लागत होतं. मला एकदा सांगितलं असतंत तर कपाला घंटा बांधली असती.

बारकीनं आणखी एक सांगितलं. तुम्ही तिला म्हणालात, "प्रूफवाल्याचे डोळे गेले की त्याचं उरतं काय?" हे ऐकून मला जो राग आला, तो त्या रविवारी आला नव्हता. उरतं काय म्हणजे? तुम्ही प्रुफं तपासताना मूळ प्रत मोठ्यानं कोण वाचायचं? मी. आणि कोण ऐकायचं? स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण, कंस सुरू, कंस पूर्ण, नवा परिच्छेद. निम्मं काम तुम्ही कानांनीच करत होतात. घरीसुद्धा सुटली नव्हती सवय. "वहिनी स्वल्पविराम चहा स्वल्पविराम साखर कमी पूर्णविराम." तुमचे दादा म्हणायचे, या घरात कोणी बोलत नाही, सगळे छापायला देतात.

मंगळवारी दुपारी मी दार लावलं, डोळ्यांवर पंचा बांधला, कानाला ते हेडफोन लावले आणि माझा हॅस्केलचा पहिला पाठ मशीनकडून वाचून घेतला. आधी नीट लिहिलेला. मग त्यातली एक ओळ एका जागेनं डावीकडे सरकवून. कानाला दोन्ही सारखे. जुळ्या बहिणी. पहिला चालला, दुसरा चालेना, आणि का चालेना ते माझ्या कानाला कळेना. मोकळी जागा मोजून सांगायची सोय त्यात असते, तीही लावून पाहिली. मग ते प्रत्येक ओळीआधी "चार जागा, आठ जागा" म्हणत सुटतं, आणि अर्ध्या पानात आपण ओळ विसरतो नि जागाच मोजत बसतो.

पंचा तसाच ठेवून बसून राहिले. मग कळलं. प्रूफ वाचताना मी सगळं सगळं बोलायची, एक सोडून. मोकळी जागा मी कधी बोलले नाही. छापखान्यात मोकळी जागा कोणी वाचत नाही. ती मी हातानं बसवायची आणि तुम्ही डोळ्यांनी धरायची. मधे आवाजच नव्हता तिला. माझ्यासाठी ती शिसं होती. तुमच्यासाठी गेल्या पावसाळ्यापासून ती खरोखरच पोकळी होती, आणि तुम्ही तसं भर वर्गात सांगितलंत, आणि मी तुमच्या अंगावर धावून गेले.

मग तुमची स्कीम लावली. कंस सुरू, डिफाइन, कंस सुरू, आणि पुढे सगळं, शेवटच्या कंस पूर्णपर्यंत. काही लपवत नाही. डोळे बांधलेले असून मी टेबलावर बोटं ठेवत गेले, तुमच्यासारखी, आणि शेवटी सगळी बोटं वर. एकही चुकलं नाही. म्हणजे जुनं घराणं नाही, सौंदर्य नाही. तुम्हाला ती भाषा ऐकू येत होती, एवढंच. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही मला त्याऐवजी अर्धा तास तत्त्वज्ञान ऐकवलंत.

आता निकाल ऐका. वर्ग हॅस्केलच शिकणार. मत झालंय. डोळे अधू झाले म्हणून मी तुम्हाला जिंकू देईन अशी आशा ठेवू नका. तसं केलं तर तुम्ही पुन्हा पिशवी भराल, आणि बरोबरच कराल. पण पुस्तकात मागच्या भागात एक गोष्ट सापडली, तिच्याकडे कोणी फिरकत नाही. हॅस्केलला मोकळी जागा लागतेच असं नाही. महिरपी कंस आणि अर्धविराम स्वतः घातले की ती जागेकडे बघतसुद्धा नाही. सगळा प्रोग्रॅम एका ओळीत कोंबला तरी चालतो. मी तसा लिहून पाहिला. दिसायला भयाण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, हिच्या दातांना तार लावल्यासारखी दिसतेय." मी म्हटलं, लावू द्या, दात सरळ होतील. आपल्या वर्गात हॅस्केल अशीच शिकवली जाईल. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली जाईल. वाचणार मी.

ऐकून चुका काढणारा माणूस लागेल. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांना दाताशिवाय कुठलीच कीड दिसत नाही. बसवाले ऐकता ऐकता डुलक्या घेतात. नशीब ते आता गाडी चालवत नाहीत.

पहिला पाठ खाली देतेय, आपल्या पद्धतीनं. मशीनला दोनदा वाचायला लावा.

मेन, बरोबर, डू, महिरपी कंस सुरू, लेट, महिरपी कंस सुरू, पेजेस, बरोबर, सोळा, महिरपी कंस पूर्ण, अर्धविराम, प्रिंट, साधा कंस सुरू, पेजेस, अधिक, एक, साधा कंस पूर्ण.

यात एक चूक आहे. मुद्दाम आहे की हातून झालीय, ते सांगणार नाही. पाठ तुमच्या नजरेखालून, बरं, कानाखालून गेल्याशिवाय ग्रंथपालबाईंना छापायला देणार नाही. त्यांच्या पाटीवर मी भाषेचं नाव लिहवून घेतलंय आणि शिकवणाऱ्यांची नावंही. तुमचं आधी, माझं नंतर. खोडायला लावू नका, रंग वाळलाय.

तुमच्या खोलीतलं सगळं होतं तिथंच आहे. पलंगापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी आहे, तिथं मी काही ठेवलं नाही. माझ्याकडे मात्र उंबऱ्याशी डब्यांची उतरंड होती, ती हलवली. पाठ दुखली. तेही तुमच्या खात्यात मांडलंय.

बसवाले उद्या रविवारी थांब्यावर येतील. तुमचं म्हणणं असेल की मला कोणी धरायला नको. तर ते कोपर पुढे करतील, धरायचं ते तुम्ही. मी येणार नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि रस्त्यात भांडणं मला शोभत नाही. मी माडीवर असेन, खडू हातात घेऊन. खालच्या पायरीवर बसवाल्यांनी फळी ठोकलीय. वर आलात की आधी चूक सांगायची. मग बाकीचं बोलू.

आशीर्वाद राखून ठेवलाय. घ्यायला या.

वहिनी